आइस हॉकीतली मारामारी: पाच मिनिटं पुरेत, की थेट घरी पाठवायचं?

गोठलेला_नाशिककर (धागाकर्ता)

दर मोसमात एकदा तरी हा विषय उसळतो. कुणीतरी बर्फावर डोक्यावर पडतो, स्ट्रेचर येतं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'एनएचएल मारामारी कधी बंद करणार?' असा लेख हजर. माझं मत आधीच सांगून टाकतो: बंद करू नये. आणि हे मी मारामारी बघायला मजा येते म्हणून म्हणत नाहीये. (येते थोडी. खोटं कशाला बोलू?)

ज्यांच्यासाठी हॉकी म्हणजे फक्त ध्यानचंद, त्यांच्यासाठी दोन ओळी. एनएचएल ही अमेरिका-कॅनडातली ३२ संघांची व्यावसायिक लीग. दोघांनी हातमोजे टाकून ठोसाठोशी केली, तर नियम ४६ प्रमाणे दोघांना पाच-पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसवतात. मग परत खेळायला मोकळे. फुटबॉलमध्ये ठोसा मारलात की लाल कार्ड, इथे पाच मिनिटं.

मी राहतो कॅलगरीत, त्यामुळे उदाहरण घरचंच देतो. जानेवारी २०२० मध्ये आमच्या मॅथ्यू कचुकने एडमंटनच्या झॅक कॅसियनला एकाच सामन्यात दोनदा जबरदस्त धडक दिली. पंचांच्या मते दोन्ही नियमात बसणाऱ्या. कॅसियन उठला आणि कचुकला धरून बदडायला लागला. कचुकने मोजे टाकलेच नाहीत, अंग चोरून पडून राहिला. पेनल्टी कॅसियनला. त्या पॉवर प्लेवर (म्हणजे समोरचा संघ एक गडी कमी असताना) आम्ही गोल मारला आणि सामना ४-३ असा खिशात घातला. वर कॅसियनवर दोन सामन्यांची बंदी. कचुकला? काही नाही. आता मी कॅलगरीचा असलो तरी मला हे पटलं नाही. धडका द्यायच्या, आणि हिशोब मागायला कुणी आला की पंचांच्या मागे लपायचं! महिनाअखेरीस पुन्हा गाठ पडली तेव्हा दोघं समोरासमोर रीतसर लढले, आणि त्या दोघांपुरता विषय बऱ्यापैकी मिटला.

(संघांचा मिटला नाही. १ फेब्रुवारीला आमचा कॅम टॅलबट आणि त्यांचा माइक स्मिथ हे दोन गोलकीपरसुद्धा एकमेकांना भिडले. सामना आम्ही ३-८ ने हरलो. ते जाऊ द्या.)

मारामारी राहू द्या म्हणतो त्याचं कारण हेच. ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगाने पळणाऱ्या, हातात काठी आणि पायात पातं असलेल्या माणसाला, आपण आगळीक केली तर कुणीतरी जाब विचारेल, ही धास्ती हवी. वेन ग्रेट्झ्कीच्या अंगाला हात लावायला लोक कचरायचे ते पंचांमुळे नव्हे, त्याच्या बाजूला डेव्ह सेमेन्को असायचा म्हणून. १९८८ मध्ये ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला गेला तेव्हा मार्टी मॅक्सॉर्लीला सोबत घेऊन गेला. जगातल्या सगळ्यात हुशार हॉकीपटूला जे कळत होतं, ते लेख लिहिणाऱ्यांना का कळू नये?

थंड_माथा

धागा छान, मत साफ अमान्य.

मॅक्सॉर्लीचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून बरं झालं. याच रक्षणकर्त्या मॅक्सॉर्लीने फेब्रुवारी २००० मध्ये डोनाल्ड ब्रशियरच्या डोक्यात मागून काठी हाणली. शेवटची काही सेकंदं राहिली होती. आधी दोघांची मारामारी झालेली, मॅक्सॉर्लीला तिची परतफेड हवी होती, ब्रशियर दाद देईना. प्रकरण कोर्टात गेलं आणि मॅक्सॉर्ली दोषी ठरला. तुमच्या हिशोबाने त्यांचा 'विषय' पहिल्याच मारामारीत मिटायला हवा होता, नाही का?

आणि स्टीव्ह मूर? १६ फेब्रुवारी २००४ ला कोलोरॅडोच्या मूरने व्हँकुव्हरचा कप्तान मार्कस नॅसलंडला धडक दिली. पेनल्टी नाही. व्हँकुव्हरवाले खवळले. ८ मार्चला सामना व्हँकुव्हरमध्ये. पहिल्याच पिरियडमध्ये मॅट कुक मूरवर चालून गेला, मूर लढला. म्हणजे तुमच्या त्या अलिखित कायद्याप्रमाणे त्याने जाब दिला, पाच मिनिटं बसून आला. संपलं? तिसऱ्या पिरियडमध्ये व्हँकुव्हर २-८ ने मागे असताना टॉड बर्टुझी त्याच्या मागे लागला, मागून ठोसा मारला आणि त्याच्या अंगावर पडला. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. तो पुन्हा कधीच खेळला नाही. बर्टुझी खेळला. २००६ च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडूनसुद्धा खेळला.

धास्ती म्हणता ना, ती नेमकी कुणाला बसली?

फिरकी

पुण्याहून वाचतोय. आइस हॉकी कधी धड बघितली नाही, रील्समध्ये मात्र मारामाऱ्याच येतात. एक बाळबोध शंका: पंच शेजारी उभे राहून बघत काय बसतात? लगेच सोडवत का नाहीत?

एडमंटनचे_अण्णा

फिरकी, शंका रास्त आहे. बर्फावर दोन रेफरी आणि दोन लाइन्समन असतात. सोडवायचं काम लाइन्समनचं. पण दोन-दोन मणांचे गडी घुमत असताना मध्ये घुसलं तर दात लाइन्समनचेच जातात. म्हणून ते दोन्ही बाजूंना उभे राहतात, आणि एकजण खाली पडला किंवा दोघांचा दम सुटला की आत जातात. तिसऱ्या खेळाडूने मध्ये पडायचं नाही. १९७१ पासून तिसरा आला की तो सामन्यातून बाद.

बारकावे बघण्यासारखे असतात. आधी मोजे पडतात, मग काठी. डाव्या हाताने समोरच्याची जर्सी खांद्यापाशी गच्च धरायची, म्हणजे त्याचा उजवा हात अडकतो. पाय घसरत असतात, त्यामुळे ठोशात जोर बसायला आधी पकड लागते. पूर्वी बफलोचा रॉब रे जर्सीच काढून टाकायचा, म्हणजे पकडायला काही उरतच नसे. मग लीगने नियम केला की जर्सी मागून पट्ट्याने पँटला अडकवलेली पाहिजे. आजही त्याला लोक रॉब रेचा नियम म्हणतात. ठोसे बरेचसे हेल्मेटवर बसतात, मारणाऱ्याचीच बोटं फुटतात. सुटले की दोन्ही बाकांवरचे खेळाडू बोर्डवर काठ्या आपटतात, दोघांसाठी.

यात राग असतोच असं नाही. २००६ मध्ये जॉर्ज लराकला सामन्यात माइक लावला होता. मारामारीच्या आधी तो समोरच्याला चक्क शुभेच्छा देताना ऐकू येतो. आवाजात नम्रपणा. मग दोघं एकमेकांना धोपटतात.

माझं म्हणाल तर मी नाशिककरांच्या बाजूने, पण जरा कमी जोशात.

डॉ_खवचट

अण्णा, शुभेच्छा देऊन मेंदूला मार कमी बसतो असं अजून कुठल्या जर्नलमध्ये आलेलं नाही.

विषयाला धरून बोलतो. डेरेक बुगार्ड, सहा फूट सात इंच. मिनेसोटा आणि मग न्यूयॉर्क रेंजर्स. २७७ सामन्यांत तीन गोल. त्याला गोल करायला ठेवलंच नव्हतं, न्यूयॉर्कने त्याच्याशी चार वर्षांचा ६५ लाख डॉलरचा करार केला तो मुठींसाठी. डिसेंबर २०१० मध्ये ओटावात एका मारामारीत डोक्याला मार लागला, त्यानंतर खेळला नाही. मे २०११ मध्ये दारू आणि वेदनाशामक गोळ्या यांच्या मिश्रणाने गेला. वय २८. बोस्टन विद्यापीठाने मेंदू तपासला, सीटीई निघाला. सीटीई म्हणजे डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूचा होणारा ऱ्हास. मेल्यावर मेंदू कापूनच त्याचं पक्कं निदान होतं. त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन आणि वेड बेलाक हे दोन मारकुटे गडीही गेले. त्याच्या आदल्या वर्षी बॉब प्रोबर्ट, वय ४५, त्याच्याही मेंदूत सीटीई.

२०२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी तीनशेहून जास्त एन्फोर्सर, म्हणजे मुख्यतः मारामारीसाठी ठेवलेले खेळाडू, घेतले आणि त्यांच्यासारख्याच कारकिर्दीच्या इतर खेळाडूंशी ताडून बघितले. मृत्यूंची संख्या जवळपास सारखी. पण एन्फोर्सर सरासरी दहा वर्षं आधी गेले, आणि अमली पदार्थ, आत्महत्या, मेंदूचे आजार ही कारणं त्यांच्यात जास्त.

लीगचे आयुक्त गॅरी बेटमन मात्र २०१९ मध्ये कॅनडाच्या संसदीय उपसमितीसमोर बसून सांगत होते की हॉकी आणि सीटीईचा संबंध सिद्ध झालेला नाही. आदल्याच वर्षी माजी खेळाडूंनी डोक्याच्या दुखापतींवरून लीगवर भरलेल्या खटल्यात तडजोड झाली होती, एकूण १.८९ कोटी डॉलर. तीनशेवर खेळाडूंना माणशी सुमारे २२ हजार आले. लीगने जबाबदारी अर्थातच मान्य केली नाही.

गोठलेला_नाशिककर

डॉक्टर, बुगार्डबद्दल वाद नाही. पण तो व्यवसाय मेला आहे. आठ मिनिटं बाकावर बसून तीस सेकंद मारामारीला उतरणारा गडी आज कुठल्या संघाला परवडतो? २००५ पासून पगाराला कमाल मर्यादा आली, अडवाअडवीचे नियम कडक झाले, खेळ वेगवान झाला. २००८-०९ च्या मोसमात सातशेच्या वर मारामाऱ्या झाल्या होत्या. दहा वर्षांत आकडा तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाली आला. कुणी बंदी घातली नाही, आपोआप झालं. आता लढतात ते खेळाडूच असतात, गोल करणारे, पास देणारे.

आणि बोस्टनचाच २०२४ चा अभ्यास तुम्ही सोयीस्कर गाळलात. ७७ खेळाडूंचे मेंदू. एनएचएलमध्ये खेळलेल्या १९ पैकी १८ जणांना सीटीई. जोखीम वाढते ती खेळलेल्या वर्षांबरोबर. एन्फोर्सर आणि बाकीचे यांच्यातला फरक त्यात ठामपणे सिद्ध झाला नाही. म्हणजे मेंदू धडकांनी जातो. मग धडकाच बंद करा म्हणायची हिंमत दाखवा की. उगाच ठोशांच्या मागे का लागता?

डॉ_खवचट

गाळलं नाही, येणारच होतो. ते १९ मेंदू लॉटरी काढून निवडलेले नाहीत. ज्यांच्या घरच्यांना काहीतरी बिनसलंय असं जाणवत होतं, त्यांनी दान केलेले. म्हणून त्या १८ वरून सगळ्या लीगचं गणित मांडता येत नाही. ते मी मांडलंही नाही.

पण तुमचा युक्तिवाद बघा. धडकांनी मेंदूला इजा होते हे सिद्ध झालं, म्हणून वरून ठोसेही चालू द्या? धडक खेळाचा भाग आहे, पक (खेळायची रबरी चकती) मिळवायला दिली जाते. ठोशाने पक मिळत नाही.

मिसिसागाची_मामी

मी हॉकीवाली आई. पहाटे साडेपाचला रिंकवर, हातात टिम हॉर्टन्सची कॉफी, बाजूला घामट वासाची ती भलीमोठी बॅग. तेव्हा माझंही ऐका.

इथे मुलांच्या हॉकीत मारामारी केली की थेट बाहेर, वर पुढच्या सामन्यांची बंदी. अंगावर धडक द्यायलासुद्धा तेरा-चौदा वर्षांचं होईपर्यंत परवानगी नाही. कुठलंही पोर त्यामुळे बिघडलेलं मी पाहिलं नाही. आणि मग हीच पोरं शनिवारी रात्री टीव्हीसमोर बसतात आणि मारामारी लागली की बाबांसकट ओरडतात.

आणखी एक सांगते, आपल्या लोकांना यात रस असावा. एनएचएलमध्ये खेळलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू रॉबिन बावा, ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी घरातला, १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला. ज्युनिअरमध्ये हा पोरगा ढिगाने गोल करायचा. व्यावसायिक हॉकीत गेल्यावर मात्र टिकायला मुठी चालवाव्या लागल्या. तपकिरी कातडीवरून शिव्या खाव्या लागायच्या त्या वेगळ्याच. नाशिककर म्हणतात मारामारीमुळे हुशार खेळाडूचं रक्षण होतं. बावाचं रक्षण कुणी केलं? त्याला स्वतःलाच रखवालदार व्हावं लागलं आणि त्यात त्याचा खेळ गेला.

एडमंटनचे_अण्णा

मामी, बावाचा मुद्दा बिनतोड.

पण प्रेक्षकांच्या प्रेमाचं काय करायचं? जॉन स्कॉट आठवतो का? २८० हून जास्त सामन्यांत पाच गोल केलेला मारकुटा गडी. २०१६ च्या ऑल-स्टार सामन्यासाठी लोकांनी गंमत म्हणून त्याला मतं देऊन कप्तान केलं. लीगला लाज वाटली, तू माघार घे म्हणून त्याच्यामागे लागले. मध्येच त्याची दुसऱ्या संघात बदली झाली आणि तिथून थेट खालच्या लीगमध्ये रवानगी. तरी तो नॅशव्हिलला गेला, दोन गोल केले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान घेऊन आला. ज्यांना वापरून घेतलं त्यांचीच लाज वाटणारी ही लीग. माझा राग तिच्यावर जास्त आहे, मारामारीवर कमी.

गोठलेला_नाशिककर

अण्णांनी नेमकी नस पकडली. लीगवर भरवसा नाही, म्हणूनच खेळाडूंच्या हातात काहीतरी लागतं.

३ मे २०२१. वॉशिंग्टनचा टॉम विल्सन रेंजर्सच्या आर्टेमी पॅनारिनला उचलून बर्फावर आपटतो, पॅनारिनच्या डोक्यावर हेल्मेट नसताना. पॅनारिन उरलेला मोसम बाहेर. लीगने विल्सनला काय केलं? पाच हजार डॉलर दंड, तोही त्याच झटापटीत पावेल बुचनेविचला बुकलल्याबद्दल; पॅनारिनसाठी काहीच नाही. कोट्यवधी कमावणाऱ्या माणसाला! करारात तेवढीच कमाल मर्यादा होती म्हणे. पण एका सामन्याची बंदी घालायला कुणी हात धरले होते? रेंजर्सने जाहीर पत्रक काढून खेळाडू-सुरक्षा विभागाचा प्रमुख नालायक आहे म्हटलं, तर त्या पत्रकासाठी रेंजर्सला अडीच लाख डॉलर दंड. म्हणजे माणूस बुकलला तर पाच हजार, आणि बोललात तर अडीच लाख.

दोन दिवसांनी तेच संघ पुन्हा समोरासमोर. पक पडला आणि तीन जोड्यांनी मोजे टाकले. पहिल्या पाच मिनिटांत सहा मारामाऱ्या. विल्सनला उभं राहावं लागलं. लीगने जे केलं नाही ते रेंजर्सने केलं. मी त्या रात्री टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

थंड_माथा

टाळ्या वाजवून झाल्यावर उरलेला सामना बघितलात का? विल्सन लढला, बॉक्समध्ये बसून आला. वॉशिंग्टनने सामना ४-२ ने जिंकला, टी. जे. ओशीने हॅटट्रिक केली. पॅनारिन घरी, विल्सन मजेत. हा तुमचा न्याय.

आता मेख कुठे आहे ते बघा. दोघंही पाच मिनिटांसाठी गेले की संघ बदली खेळाडू उतरवतो आणि पाच विरुद्ध पाच चालूच राहतं. संघाचं नुकसान शून्य. काठी चुकून पायात अडकवली तर दोन मिनिटं एक गडी कमी, आणि तोंडावर पंधरा ठोसे मारले तर काहीच नाही. कोच कशाला थांबवेल? उलट संघ ढेपाळलाय असं वाटलं की तोच खांद्यावर थाप मारतो.

आणि तुम्ही ज्याचं नाव न घेता शिव्या दिल्यात तो सुरक्षा प्रमुख म्हणजे जॉर्ज पॅरोस. प्रिन्स्टनचा पदवीधर आणि धंद्याने एन्फोर्सर. २०१३ च्या मोसमाच्या पहिल्याच रात्री मॉन्ट्रियलमध्ये कोल्टन ऑरशी लढताना तोंडावर आपटून बेशुद्ध पडला, स्ट्रेचरवरून नेला. म्हणजे लीगला तुमची संस्कृती कळत नाही असं म्हणायची सोय नाही. तुमच्याच संस्कृतीतला माणूस तिथे बसवलाय, आणि त्याने पाच हजारांची पावती फाडली.

मारामारी असल्यामुळेच लीगला ढिलाई परवडते हे तुमच्या लक्षात येतंय का? 'पोरं आपसात बघून घेतील', झालं काम. उद्या मारामारीवर हकालपट्टी आली तर विल्सनसारख्यांवर दहा सामन्यांची बंदी घालण्यावाचून लीगला गत्यंतर उरणार नाही.

फिरकी

मला मधल्या मध्ये बरंच ज्ञान मिळालं. पण खरं सांगू का, मी आइस हॉकीचा पहिला पूर्ण सामना फेब्रुवारी २०२५ चा बघितला, तोही का, तर मॉन्ट्रियलमध्ये चार देशांच्या स्पर्धेतल्या अमेरिका-कॅनडा सामन्यात पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्याची क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. तेव्हा खेळ पसरवायला उपयोग होतो हे मान्य करा.

थंड_माथा

फिरकी, मग पाच दिवसांनी बोस्टनला झालेली फायनलही बघितली असेल. तेच दोन देश. एकही मारामारी नाही. ओव्हरटाइममध्ये एडमंटनच्या मॅकडेव्हिडचा गोल आणि कॅनडा ३-२. जिथे खरंच काही पणाला लागलेलं असतं तिथे मोजे हातातच राहतात. स्टॅनले कपच्या, म्हणजे एनएचएलच्या करंडकाच्या, प्लेऑफमध्येसुद्धा मारामाऱ्या एकदम रोडावतात.

एडमंटनचे_अण्णा

रोडावतात, पण प्लेऑफमध्ये काठ्यांचे छुपे फटके आणि मानेवरचे कोपर किती वाढतात तेही बघत जा, थंडमाथे.

डॉ_खवचट

एक किस्सा आणि मी थांबतो, ओपीडी आहे. जानेवारी २००९ मध्ये ओंटारिओतला डॉन सँडर्सन हा २१ वर्षांचा हौशी खेळाडू गेला. मारामारीत हेल्मेट निघालं होतं, डोकं बर्फावर आपटलं. मग २०१३ मध्ये एनएचएलने नियम केला की मारामारीआधी स्वतःचं हेल्मेट काढलं तर दोन मिनिटं जादा. त्याच सप्टेंबरमध्ये मोसमापूर्वीच्या एका सामन्यात दोन गड्यांनी काय केलं असेल? समोरासमोर उभे राहिले, अदबीने एकमेकांची हेल्मेटं काढून दिली आणि मग ठोसे सुरू केले. नियम शब्दशः पाळला!

गोठलेला_नाशिककर

हे मी बघितलंय, अफाट प्रकार होता.

ठीक आहे, माझी ऑफर. फेसऑफवर (पक टाकून खेळ सुरू होतो तेव्हा) ठरवून केलेली मारामारी असेल तर दोघं सामन्यातून बाहेर. क्यूबेकच्या ज्युनिअर लीगमध्ये २०२३ पासून सरसकट तसंच आहे, तिथलं सरकारच मागे लागलं होतं. पण खेळाच्या ओघात, एखाद्या धडकेवरून पेटली असेल तर पाच मिनिटंच. आणि थंडमाथेंचं एक घेतो: त्या पाच मिनिटांत बदली खेळाडू नाही, दोन्ही संघ चार-चार जणांनी खेळतील. मोकळ्या बर्फावर मॅकडेव्हिड सुटला की कोचच मारामारीचं नाव काढणार नाही. निदान एडमंटनविरुद्ध तरी नाही.

मिसिसागाची_मामी

चार-चारला माझं मत. बाकीचं अमान्यच.

थंड_माथा

ठरवून केलेली आणि ओघातली, हे पंच कसं ओळखणार?

गोठलेला_नाशिककर

घड्याळ बघून. पक पडल्यापासून पाच सेकंदांत मोजे पडले की ठरवून.

थंड_माथा

मग सहा सेकंद थांबतील. मॉन्ट्रियलची तिसरी मारामारी नवव्या सेकंदाला होती.